शोभेचा बांबू : दोन पावसाळ्यांनंतर कोणती जात कामाला आली

पुण्याच्या पश्चिमेकडची मुरमाड जमीन, दीड-दोन फुटांखाली कातळ, बोअरचे जड पाणी आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणारा पारा, अशा आवारातल्या बांबूंचा हा अनुभव आहे. लागवड जूनमध्ये केली. त्यानंतर दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा गेला. आता कुठे जातींमधला खरा फरक दिसू लागला आहे, कारण नर्सरीतल्या पिशवीत सगळेच बांबू सारखे नाजूक आणि गोंडस दिसतात.

रंगाच्या आधी जमिनीखालचा कंद विचारा. बेट करणारे बांबू जागच्या जागी रुंदावतात. धावणाऱ्यांचा कंद आडवा पळतो आणि फरशीखालून पलीकडे कोंब काढतो. फिलोस्टॅकिस आणि प्लायोब्लास्टस हे बांबूंचे गट धावणारे आहेत. पांढऱ्या पट्ट्यांचा बुटका भुईबांबू यांतलाच. तो कुंडीतच ठेवावा, मोकळ्या वाफ्यात लावू नये. ‘गोल्डन बांबू’ या एकाच नावाखाली धावणारा फिलोस्टॅकिस ऑरिया मिळतो आणि बेट करणारा पिवळा बांबुसा व्हल्गॅरिसही मिळतो. त्यामुळे शास्त्रीय नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कुंपणासाठी बांबुसा मल्टिप्लेक्सला तोड नाही. पानांचा पडदा थेट जमिनीपासून सुरू होतो, काठी बोटाएवढी बारीक, बेट घट्ट. त्यातला ‘गोल्डन गॉडेस’ हा प्रकार तीन फुटांवर एक लावला, तर दुसऱ्या पावसाळ्याअखेर पलीकडचे दिसेनासे होते. तो वरून झुकतो, म्हणून भिंतीपासून अडीच-तीन फूट मोकळे सोडावेत. ‘अल्फोन्स कार’ जास्त ताठ आणि उंच. याची नवी काठी जवळून पाहण्यासारखी असते: पिवळ्यावर हिरव्या रेघा, प्रत्येक कांड्यावर वेगळ्या रुंदीच्या, आणि ऊन लागेल त्या बाजूला गुलाबी झाक. सावलीत ही झाक येतच नाही, पिवळाही फिका पडतो. दिवसाचे चार-पाच तास ऊन नसेल तर या जातीवर जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही, साधा हिरवा मल्टिप्लेक्स पुरतो.

पिवळा बांबुसा व्हल्गॅरिस ‘व्हिट्टाटा’ दिसायला सर्वांत देखणा आणि छोट्या आवारात सर्वांत त्रासाचा. पूर्ण वाढल्यावर तो तीस-चाळीस फुटांच्या वर जातो. बेट सैल असते, नवा कोंब जुन्या काठीपासून दीड-दोन फूट लांबही निघतो. भिंतीलगत लावला की पेव्हर ब्लॉक उचलले जातात. चारही बाजूंनी सहा-सात फूट जागा असेल तरच लावावा. कोंबाच्या आवरणावर काळपट तपकिरी लव असते, ती हाताला लागली की चांगलीच खाज सुटते. साफसफाई करताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

बुद्ध बेली या फुगीर कांड्यांच्या बांबूबद्दल सर्वाधिक तक्रार असते, “पोट आलंच नाही.” जमिनीत लावून भरपूर पाणी-खत दिले की तो सरळ, उंच आणि सपाट कांड्यांचा वाढतो. फुगवटा येतो तो ओढाताणीत. म्हणून अठरा इंची कुंडी, मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू, आणि कोंब वाढत असताना पाणी बेताचे. एवढी खटपट नको असेल तर व्हल्गॅरिसचाच बुटका प्रकार ‘वामिन’ घ्यावा. तो जमिनीत लावला तरी त्याची खालची कांडी फुगतात.

अरुंद पट्ट्यासाठी थायर्सोस्टॅकिस सियामेन्सिस उत्तम. काठ्या सरळ, एकमेकींना चिकटून. कोंबाची आवरणे काठीवरच वाळून राहतात. तो रोग नव्हे, सोलून काढू नका. उन्हाळ्यात पाने बरीच गळतात, पाऊस लागला की पुन्हा भरतात. फांद्या मात्र वरच्या भागात येतात, त्यामुळे खालचा आडोसा होत नाही. काळ्या बांबूत फिलोस्टॅकिस निग्रा थंड हवेचा, आपल्या उन्हात रखडतो. कोकणात काळाच हवा असेल तर जावाचा जायगँटोक्लोआ अ‍ॅट्रोव्हायोलॅसिया पाहावा. त्याची नवी काठी हिरवीच निघते, काळी नंतर पडते. लकी बांबू हा बांबूच नाही, तो ड्रॅसिना.

लागवडीसाठी दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा. कातळ लागला तर रुंदी वाढवा, कारण बांबूची मुळे उथळच पसरतात. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत. पहिल्या वर्षी आलेल्या काठ्या बारीक पाहून घाबरू नका. कोंब ज्या जाडीने बाहेर पडतो तीच त्याची कायमची जाडी, नंतर काठी फुगत नाही. बेट मुरले की दर पावसाळ्यात आधीपेक्षा जाड कोंब येतात. म्हणून खताची खरी वेळ मेअखेर, कोंब निघण्यापूर्वी: प्रत्येक बेटाला एक घमेले शेणखत आणि वर गळलेल्या पानांचे आच्छादन. ती पाने झाडून फेकू नयेत, त्यातली सिलिका बेटालाच परत मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये आळ्यात कुदळ घालू नये, कोंब धक्क्यानेही मोडतो आणि मोडला की तो संपला.

उन्हाळ्यात ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर एक दिवसाआड दीड-दोन तास चालवले की मल्टिप्लेक्सला पुरते. दुपारी पाने सुरळी होऊन संध्याकाळी उघडत असतील तर ठीक. सकाळीही गुंडाळलेलीच असतील तर पाणी कमी पडतेय. टोके करपणे हा बहुतेकदा बोअरच्या क्षारांचा परिणाम. कुंडीतून महिन्यातून एकदा भरपूर पाणी वाहू द्यावे. पानांवर काळी बुरशी आणि काठीवर मुंग्यांची रांग दिसली की आवरणाच्या आत बहुतेकदा पिठ्या ढेकूण असतो. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी, आठवड्याने पुन्हा.

शेंडा छाटलेली काठी पुन्हा उंच होत नाही, त्यामुळे उंची ठरवणे सोपे जाते. पण दर पावसाळ्यात नव्या काठ्या त्या उंचीच्या वर जाणारच, तेव्हा छाटणी दरवर्षी धरून चला. तीन वर्षांवरच्या काठ्या हिवाळ्यात तळाशी, गाठीच्या अगदी वर कापाव्यात. पोकळ कांडे उघडे राहिले तर त्यात पाणी साचून डास होतात.

खरेदी करताना पिशवीत किमान तीन काठ्या असाव्यात आणि त्यातली एक तरी त्याच पिशवीत फुटलेली असावी. व्हल्गॅरिसची जाड काठी कापून रोवली की पाने लगेच फुटतात, पण खाली कंद तयार झालेला नसतो, आणि असे रोप पहिल्या उन्हाळ्यात जाते. मातीतून निघालेला नवा कोंब दिसत नसेल तर ते रोप घेऊ नका.