राधानगर की भरतपूर? पोरं आणि आजी-आजोबा सोबत असताना

अंदमानला सगळं घर घेऊन निघालात, तर पाण्यात उतरायचं कुठे? हॅवलॉक बेटाच्या राधानगर किनाऱ्यावर की नील बेटाच्या भरतपूर किनाऱ्यावर? (2018 पासून ही बेटं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, बोलण्यात मात्र जुनीच नावं.)

फोटोत राधानगरच भाव खातं. लांबलचक पांढरी वाळू, मागे उंच झाडांची सावली, कपडे बदलायची सोय, 2020 मध्ये मिळालेलं ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय) मानांकन. तळाला वाळूच, पायाला टोचत नाही. पण लाटा येतात. पाच वर्षांच्या पोराचा हात क्षणभरही सोडता येत नाही.

भरतपूर जेट्टीच्या अगदी जवळ. पाणी उथळ, संथ. काचेच्या तळाच्या बोटीतून आजींना बसल्या जागी मासे दिसतात. गोम एकच: ओहोटीला प्रवाळ उघडे पडतात नि अनवाणी तळवे सोलून निघतात. म्हणून भरतीची वेळ आदल्या रात्रीच हॉटेलवाल्याला विचारून ठेवा.

मी तरी पोहणं भरतपूरला आणि सूर्यास्त राधानगरला ठेवेन. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो, तेव्हा दुपारची झोप विसरा. आणि मगरींबद्दलची पाटी दिसली, तर ती गंमत म्हणून लावलेली नसते.