‘ताई, बेअरिंग गेलंय, घाटात चाक निखळेल’

मागच्या चाकातून खडखड येतेय म्हणून वाटेतल्या अनोळखी गॅरेजात गाडी घालणार असाल, तर आधी हे वाचा. माझे 9,400 रुपये गेले, ते मी एकवेळ विसरेन. पण त्या माणसाने ब्रेक बिघडवून मला घाटात पाठवलं आणि मागच्या सीटवर माझे सासरे बसलेले होते, हे विसरता येत नाही.

2022 चा मे महिना. अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालं होतं. दुसऱ्या दिवशीची तपासणी उरकून आम्ही दोघं साताऱ्याला परत निघालो. गाडी मी चालवत होते. आठ वर्षं वापरलेली छोटी गाडी, मागे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला आतून दाबून थांबवणारे. कात्रजचा बोगदा ओलांडला आणि डाव्या मागच्या चाकातून आवाज सुरू झाला, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा. सपाट रस्त्यावर गप्प, सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांत खडखड. ब्रेकवर पाय नुसता टेकवला की थांबायचा. दुखणं काय आहे ते यातच कळत होतं, पण तेव्हा मला ते वाचता आलं नाही.

खंबाटकी घाटाच्या अलीकडे हायवेला लागून एक गॅरेज दिसलं. तिथल्या माणसाने आवाज ऐकायला गाडी चालवूनसुद्धा पाहिली नाही. चाकाला पाना लावला, गाडी जॅकवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं. चाक खरंच डगडगलं. ‘ताई, बेअरिंग गेलंय. घाटात चाक निखळेल. आजोबा आहेत बरोबर, रिस्क घेऊ नका.’ अण्णा म्हणाले, ‘पैशाकडे बघू नकोस गं.’ मग यादी वाढत गेली. दोन्ही चाकांची बेअरिंगं (ज्यांच्यावर चाक सहज फिरतं ती गोळ्यांची कडी), लायनर (ड्रमला घासणारं ब्रेकचं अस्तर), मजुरी.

‘ऊन आहे, आजोबांना त्रास होईल, समोर चहा घ्या,’ असं आपुलकीने सांगून आम्हाला टपरीवर पाठवलं. पाऊण तासाने बोलावलं तेव्हा ग्रीसने माखलेलं एक काळं बेअरिंग फडक्यावर ठेवलेलं होतं. बोटाने फिरवून दाखवलं, घरघरलं. खड्ड्यांतून एक फेरी मारून दाखवली, आवाज पूर्ण बंद! मी मनापासून आभार मानले आणि यूपीआयने पैसे दिले. बिल म्हणून वहीतल्या कागदावर आकडे मिळाले, त्यावर ना नाव ना शिक्का.

घाट चढताना गाडी ओढत नव्हती. मला वाटलं, एसीमुळे असेल. आनेवाडी टोलनाक्याशी थांबले तर करपल्याचा वास. मागच्या रिमजवळ हात नेला, स्पर्श न करताही धग लागत होती. तसंच हळूहळू साताऱ्यात आणली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी आधी गाडीत बसून हँडब्रेक ओढला. पूर्वी सहा-सात टक टक झाल्यावर लागायचा, आता दुसऱ्याच टकला घट्ट. हँडब्रेकच्या बुडाशी असलेल्या प्लॅस्टिकच्या झाकणाचा एक कोपराही उचकटलेला होता. मग चाक काढून ड्रमच्या मधोमध असलेली लोखंडी टोपी त्यांनी मला दाखवली. तिच्या कडेला गंज आणि धुळीचं वर्तुळ जसंच्या तसं. टोपी काढल्यावर आत मोठा नट. तो ढिला होऊ नये म्हणून त्याची कड ठोकून खाचेत दाबलेली असते. ती दाबही जुनीच, पान्याचा ओरखडासुद्धा नव्हता. उजवीकडेही तेच. आमच्या गाडीत बेअरिंग ड्रममध्येच बसवलेलं असतं. ही टोपी आणि हा नट काढल्याशिवाय ड्रम निघत नाही आणि ड्रम निघाल्याशिवाय बेअरिंग काय, लायनरसुद्धा बदलता येत नाहीत. म्हणजे माझ्या गाडीचा एकही ड्रम कुणी उघडलेला नव्हता.

मग आवाज कसा थांबला? डावा ड्रम उघडल्यावर कळलं. ब्रेक शू, म्हणजे लायनर लावलेली कमानदार पट्टी, जागेवर दाबून धरणारी छोटी स्प्रिंग तुटली होती. शू मोकळा झाल्याने खड्ड्यात वाजत होता. ब्रेक दाबला की शू ड्रमला टेकतो आणि वाजायचा थांबतो. त्या माणसाने उचकटलेल्या झाकणाखालून हँडब्रेकची केबल आवळून दोन्ही चाकांचे शू कायमचे ड्रमला घासत ठेवले. बेअरिंगचा यात काही संबंधच नव्हता. खराब बेअरिंग खड्ड्यांची वाट बघत नाही, सपाट रस्त्यावरही घूंऽऽ करतं आणि वेगाबरोबर त्याचा आवाज वाढत जातो.

आणि ते डगडगणारं चाक? मिस्त्रींनी विचारलं, ‘पाना आधी लावला होता का?’ हो. चाक काढायचं असेल तर जमिनीवर असतानाच नट सैल करतात, त्यात गैर काही नाही. पण बेअरिंग तपासताना नट घट्टच हवेत. सैल नटांवर कुठलंही चाक हलेल.

दोन्हीकडच्या स्प्रिंगा, ड्रमची सफाई, लायनरला पॉलिश पेपर आणि केबल पूर्ववत, सगळे मिळून साडेसहाशे रुपये झाले. मिस्त्रींनी हेही सांगितलं की खडखड आली की आधी डिकीतले जॅक, पाना, स्टेपनी काढून एक फेरी मारावी आणि सायलेन्सर धरून ठेवणारी रबरं बघावीत. निम्म्या वेळा आवाज तिथलाच निघतो.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रींकडे काढलेले फोटो मोबाईलमध्ये घेऊन मी त्या गॅरेजात गेले. ‘हे आमचं काम नाही, बिल दाखवा.’ तोच माणूस, डोळ्याला डोळा भिडवून बोलत होता. अंगाचा तिळपापड झाला. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, हे मला नंतर समजलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार केली, पण हातात यूपीआयच्या नोंदीशिवाय काही नव्हतं आणि ते खातंही गॅरेजच्या नावावर नव्हतं. पैसे परत आले नाहीत.

आता गाडी कुठेही उघडायची झाली तर काम सुरू होण्याआधी मी चाकाच्या मधल्या टोपीचा फोटो काढते आणि जुना पार्ट माझ्यासमोर निघेपर्यंत तिथेच उभी राहते. चहाला जात नाही.