ताज्या बिअरसाठी कोकणातून निघताना: मुंबई की पुणे?

रत्नागिरी, चिपळूण किंवा कणकवलीत राहणाऱ्या बहुतेकांची बिअरशी ओळख परमिट रूममधल्या थंडगार बाटलीपुरती असते, आणि ती बाटलीही बहुधा ‘स्ट्राँग’ असते. मुंबई-पुण्याला नोकरीस असलेला भाऊ किंवा भाचा गणपतीला गावी आला की तिकडच्या ब्रूपबची वर्णने करतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, एकदा जाऊन पाहावे. अशा वेळी हाताशी दोन दिवसांची सवड आणि बेताचा पैसा असेल, तर कोणते शहर निवडावे, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार केला आहे. माझे मत आधीच सांगतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने मुंबईला जावे, आणि चवीतला फरक ओळखू येऊ लागला की पुणे गाठावे. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्यांना मात्र तिसरी वाट मोकळी आहे.

निवड करण्यापूर्वी जागांचे प्रकार नीट समजून घेतले पाहिजेत, कारण जाहिरातीत सगळ्यांना सरसकट ‘ब्रुअरी’ म्हटले जाते. ब्रूपबमध्ये बिअर त्याच छपराखाली तयार होते, आणि तांब्याच्या किंवा स्टीलच्या टाक्या बहुतेक ठिकाणी काचेआड दिसतात. टॅपरूम म्हणजे एखाद्या ब्रुअरीने स्वतःची बिअर नळावरून देण्यासाठी उघडलेली जागा. तेथील बिअर अन्यत्र तयार होऊन पिंपांतून आलेली असू शकते. तिसरा प्रकार अनेक नळांच्या बारचा. तेथे वेगवेगळ्या उत्पादकांची पिंपे एकाच काउंटरवर जोडलेली असतात, त्यामुळे एका बैठकीत तुलना करण्याची सोय होते. मात्र पिंप कधी उघडले आणि नळाच्या नळ्या केव्हा धुतल्या, यावर तिथल्या प्रत्येक पेल्याची चव अवलंबून असते. काउंटरवरच्या माणसाला हे दोन प्रश्न सरळ विचारावेत. ज्याला आपल्या कामाची आस्था आहे तो आनंदाने उत्तर देतो, आणि जो उडवून लावतो त्याच्याकडे दुसरा पेला मागवू नये.

ताजेपणाला एवढे महत्त्व का, हेही सांगितले पाहिजे. बाटलीबंद बिअर सहसा पाश्चरीकरण करून बाहेर पडते आणि महिनोन्‌महिने टिकते. नळावरची क्राफ्ट बिअर, म्हणजे लहान ब्रुअरीने थोड्या प्रमाणात तयार केलेली बिअर, बहुधा पाश्चरीकरणाविना दिली जाते, तिच्यात बरेचदा यीस्टही शिल्लक असते, आणि म्हणून ती उष्णतेला फार लवकर बळी पडते. बिघडलेली बिअर ओळखण्याच्या खुणा आहेत: लोण्यात भाजलेल्या पॉपकॉर्नसारखा वास, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव, किंवा जेथे अपेक्षित नाही तेथे येणारा आंबूसपणा. याउलट जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला, म्हणजे हेफेवायझेनला, पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो दोष नव्हे. त्या बिअरमध्ये केळेही नसते आणि लवंगही नसते. विशिष्ट जातीचे यीस्ट आंबवण्याच्या क्रियेत हे सुवास निर्माण करते. पेला गढूळ दिसतो तोही यीस्टमुळे आणि गव्हातील प्रथिनांमुळे. पहिल्या खेपेला अनेकांना हा गढूळपणा खटकतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

आपल्याकडच्या ब्रूपबमध्ये गव्हाच्या बिअरचेच प्रस्थ का, याचे कारण चवीइतकेच व्यवहारातही आहे. गव्हाची बिअर एल गटातली असते. या गटातील बिअर साधारण १५ ते २४ अंश सेल्सियस तापमानाला आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत नळावर येऊ शकते. लागर मात्र ७ ते १३ अंशांवर सावकाश आंबते आणि नंतरही कित्येक आठवडे थंडीत मुरावी लागते. ज्याच्याकडे मोजक्याच टाक्या आहेत त्याला एखादी टाकी इतके दिवस अडवून ठेवणे परवडत नाही. त्यामुळे एखाद्या लहान ब्रूपबमध्ये स्वच्छ, नितळ, नीट मुरलेली लागर मिळाली, तर तेथील माणूस कसबी आणि धीराचा आहे असे खुशाल समजावे.

आता मुंबई. शहरातील पहिला ब्रूपब, बार्किंग डिअर, २०१३ मध्ये लोअर परळला सुरू झाला. त्यानंतर वर्षभरात गेटवे ब्रुइंग कंपनीने डोंबिवलीत बिअर तयार करून शहरातल्या बारना पिंपे पुरवायला सुरुवात केली, आणि २०१५ मध्ये पुण्याच्या डुलालीने अंधेरीत टॅपरूम उघडले. पुढे खार, केम्प्स कॉर्नर आणि कुलाबा येथेही डुलाली पोहोचली. बंगळूरच्या इंदिरानगरात २०१० मध्ये सुरू झालेले टॉइट लोअर परळच्या मथुरादास मिल आवारात आले. थोडक्यात, मुंबईत एकाच शहरात तीन घराण्यांची बिअर पिता येते: मुंबईची, पुण्याची आणि बंगळूरची. नवख्याला मुंबई सुचवण्याचे माझे पहिले कारण हेच. गव्हाची हेफेवायझेन, धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन विट, हॉप्स या वेलीच्या फुलांनी कडवट झालेली आयपीए आणि भाजलेल्या धान्याची काळी स्टाउट या चार चवी एकदा जिभेवर बसल्या की पुढची निवड सोपी होते, आणि त्या चारही मुंबईत एका संध्याकाळी, फार न फिरता सापडू शकतात.

दुसरे कारण परतीच्या गाडीचे आहे, आणि कोकणातल्या माणसासाठी ते पहिल्याहून मोठे आहे. लोअर परळहून दादर पश्चिम रेल्वेने दुसरे स्थानक. मध्ये फक्त प्रभादेवी. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. त्यामुळे संध्याकाळी सहाला बसून, नीट जेवून, दहापर्यंत उठून सावकाश दादर गाठता येते आणि सकाळी चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळला उतरता येते. एक खबरदारी मात्र घ्यावी. गाडी मध्यरात्रीनंतरची असल्याने आरक्षण दुसऱ्या दिवसाच्या तारखेचे करावे लागते. शनिवारी रात्री निघायचे असेल तर तिकीट रविवारचे हवे. या घोळात पुष्कळ जण फलाटावर अडकलेले मी पाहिले आहेत. शिवाय नशेच्या स्थितीत रेल्वेप्रवास करणे हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, हे लक्षात ठेवूनच पेले मोजावेत. कुलाब्याला बसणाऱ्यांना सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास निघणारी कोकणकन्या अधिक जवळची पडते. अंधेरीचा बेत मात्र मुक्काम असेल तरच करावा.

मुंबईचे उणे म्हणजे खर्च आणि गर्दी. जागेचे भाडे पेल्याच्या किमतीत उतरतेच, छापलेल्या दरावर कर वेगळा लागतो, आणि शनिवारी रात्री संगीताचा आवाज इतका असतो की शेजारच्याशी बोलणे कठीण, मग बिअरविषयी विचारणे दूरच. म्हणून दुपार टळल्यावर, शक्य तर आठवड्याच्या मधल्या वारी जावे. त्या वेळी काउंटरवरची माणसे निवांत असतात आणि घोटभर चव देतात.

पुण्याची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरची सुरुवातच पुण्यात झाली, २००९ मध्ये, डुलालीपासून. नंतर मुंढव्याला इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, एफिंगट आली, कल्याणीनगरला टॉइट आले. २०१८ मध्ये मूनशाइन मीडरी सुरू झाली. तिचे मीड हे मधापासून आंबवलेले पेय बिअरच्या पलीकडे पाहू इच्छिणाऱ्याने जरूर चाखावे. जागा ऐसपैस असतात, अंगणात झाडाखाली बसता येते, आणि पैशाच्या मानाने संध्याकाळ मुंबईपेक्षा स्वस्त पडते. या सर्वांहून मला मोलाचे वाटते ते तिथल्या काही उत्पादकांचे स्थानिक जिनसांकडे असलेले लक्ष.

त्यातले एक उदाहरण कोकणी माणसाने चाखल्याशिवाय राहू नये. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने मीठ आणि कोकम घातलेली एल केली आहे. मिठाची आंबट बिअर ही जर्मनीतली जुनी रीत. तिथे तिला गोझे म्हणतात आणि तिच्यात धणेही घालतात. आपल्याला मात्र ही चव परकी वाटत नाही, कारण कोकमाचे आगळ मीठ घालूनच ठेवले जाते आणि सोलकढीची चव जन्मापासून जिभेवर असते. अशा बिअरचा पहिला घोट आंबट लागतो, मग मीठ जाणवते, आणि गिळल्यावर तोंडाला पुन्हा पाणी सुटते. बिअरच्या कडवटपणाची सवय नसलेल्यालाही ती सहज आवडू शकते. तळलेल्या बोंबलाबरोबर किंवा रव्यात घोळवलेल्या सुरमईबरोबर तिची जोडी जमते, कारण आंबटपणाने तेल कापले जाते. ज्या फळाच्या साली आपल्या अंगणात दरवर्षी उन्हात वाळतात, त्याचा असा विचार घाटावरच्या ब्रुअरीने आधी करावा आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात अजून कोणी करू नये, याची मला मनापासून खंत वाटते. ही एल कोणत्या नळावर चालू आहे, याची आदल्या दिवशी फोनवर चौकशी करून मगच निघावे.

पुण्याची अडचण आहे ती वाटेची. कोकण रेल्वेच्या स्थानकांवरून पुण्याला रोजची सोयीची गाडी नाही. चिपळूणकरांना कुंभार्ली घाटाने कराड, रत्नागिरीकरांना आंबा घाटाने कोल्हापूर, माणगावकरांना ताम्हिणी, असा प्रत्येकाचा घाट ठरलेला. एसटीने स्वारगेटला उतरले की पुढची सोय आता बरी झाली आहे. स्वारगेटहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत जावे आणि तिथे वनाज-रामवाडी मार्गिकेवर बदलून कल्याणीनगरला उतरावे. मुंढव्यासाठी मात्र रिक्षाच करावी लागते. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी मुक्काम धरूनच बेत आखावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघू नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असल्यास वाहन चालवणे हा गुन्हा आहे, आणि पावसाळ्यात आंबा किंवा कुंभार्लीच्या वळणांवर कायद्याच्या त्या मर्यादेइतकीही ढिलाई परवडत नाही.

तेव्हा निवड कोणी कशी करावी? रेल्वेजवळ राहणारा, एकाच रात्रीची सवड असलेला, अजून चार प्रकारांतला फरक न कळलेला माणूस मुंबईलाच जावा. मित्रांसह दोन रात्री काढू शकणारा, गप्पांना आणि जेवणाला वेळ देणारा, आणि ‘नवीन काय केले आहे’ असे विचारणारा माणूस पुण्यात अधिक सुखी होईल. पतीपत्नी दोघे जात असतील आणि एकालाच बिअरची आवड असेल, तर मी मुंबईतले डुलाली सुचवेन. तिथे टेबलावर खेळायचे बोर्ड गेम ठेवलेले असतात आणि सफरचंदाचे सायडरही मिळते, त्यामुळे दुसऱ्याची संध्याकाळ वाया जात नाही. कोठेही गेले तरी क्रम पाळावा: हलकी गव्हाची आधी, मग आंबट किंवा मसालेदार, त्यानंतर आयपीए, आणि स्टाउट शेवटी. कडवट बिअर आधी घेतली की हलकी पाण्यासारखी लागते. बहुतेक क्राफ्ट बिअर साडेचार ते सहा टक्के मद्यार्काच्या असतात, पण काही आठच्या जवळ जातात, म्हणून पाटीवरचा आकडा वाचूनच मागवावे.

तारखांविषयी थोडेसे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे कोरडे, म्हणजे मद्यविक्री बंद असलेले, दिवस आहेत, आणि अनंत चतुर्दशीला मुंबईत जाण्यात अर्थ नाही. गणपतीच्या आणि शिमग्याच्या आसपास गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, कडक मद्यासाठी २५, आणि पिण्याचा परवानाही कायद्याने आवश्यक आहे. ओळखपत्र जवळ ठेवावे.

राहिली तिसरी वाट. सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग या भागातल्या माणसाने मुंबई-पुण्याचा प्रवास करण्याआधी गोव्याचा विचार करावा. सांगोल्ड्याची गोवा ब्रुइंग कंपनी २०१८ पासून ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए करते, बंगळूरच्या आर्बरने गोव्यात ब्रुअरी उभारली आहे, आणि डिचोली तालुक्यात लाटंबार्सेला ‘माका दी’ तयार होते. यांची बिअर गोव्यातल्या बारमध्ये कॅन किंवा बाटलीतही मिळते, त्यामुळे ब्रूपब शोधत फिरण्याची गरज पडत नाही. कॅनच्या तळावरची तारीख मात्र पाहावी, आणि आयपीए जितकी ताजी तितकी घ्यावी, कारण हॉप्सचा सुवास सर्वांत आधी उडतो. जे प्यायचे ते तिथेच प्यावे. गोव्यातले मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे, इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क खाते गाड्या तपासते, आणि चार कॅनसाठी गाडी जप्त होण्याचा धोका पत्करू नये.