चाळीस, सेहेचाळीस, पन्नास: परवडणारी व्हिस्की निवडताना

व्हिस्कीची बाटली उचलली की माझी नजर आधी लेबलाच्या तळाशी जाते. तिथे बारीक अक्षरांत अल्कोहोलची टक्केवारी छापलेली असते: ४०, ४३, ४६, क्वचित ५०. हरणाचं चित्र, सोनेरी अक्षरं, खोक्यावरची वंशावळ हे सगळं मी नंतर बघते. माझ्या भावाला वाटतं, जास्त टक्के म्हणजे जास्त चढणार, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. मला मात्र तो आकडा बाटलीवरचा सगळ्यात सरळ बोलणारा मजकूर वाटतो, आणि खिशाला झेपेल अशी चांगली व्हिस्की शोधताना त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणी व्हिस्की म्हणून विकायची तर किमान ४० टक्के अल्कोहोल लागतं. ज्या लाकडी पिंपात ती मुरते त्यातून निघते तेव्हा ती याहून बरीच कडक असते. बाटलीत भरण्याआधी पाणी घालून खाली आणतात. जितकं पाणी जास्त, तितक्या बाटल्या जास्त. त्यामुळे ४० वर थांबणं उत्पादकाच्या सोयीचं असतं. ४६ ची गोष्ट वेगळी. व्हिस्कीत तेलकट, मेणचट असे काही घटक असतात. टक्केवारी ४६ च्या खाली असली आणि व्हिस्की थंड झाली किंवा तिच्यात बर्फ पडला, की हे घटक बाहेर येतात आणि ती ढगाळ दिसते. गिऱ्हाइकाला ढगाळ पेला आवडत नाही, म्हणून कारखान्यातच व्हिस्की थंड करून गाळून घेतात. यालाच चिल फिल्टरिंग म्हणतात. दिसायला स्वच्छ होते, पण जिभेवर जो भरीवपणा जाणवायला हवा त्यातला थोडा त्या गाळणीतच राहतो, असं माझं मत आहे. ४६ किंवा त्याहून वर असलेल्या बाटल्या बहुधा या गाळणीतून जात नाहीत, आणि तसं लेबलावर अभिमानाने लिहिलेलं असतं.

आता वयाबद्दल, म्हणजे पिंपात घालवलेल्या वर्षांबद्दल, थोडक्यात. स्कॉचच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीच्या, लेबलावर १२ वर्षं लिहिलं असेल तर त्या बाटलीतला सगळ्यात तरुण थेंब किमान १२ वर्षांचा आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के व्हिस्की हवेत उडून जाते, वर गोदामाचा खर्च; १८ वर्षांची बाटली महाग असते ती यामुळेही. पण वय म्हणजे दर्जा असं समीकरण नाही. तैवानच्या कवालान या डिस्टिलरीने (व्हिस्कीच्या कारखान्याने) २००६ मध्ये डिस्टिलेशन सुरू केलं आणि २०१५ मध्ये तिच्या एका व्हिस्कीला वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, नुसत्या मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) ठरवलं गेलं. उष्ण हवेत लाकूड लवकर बोलतं. बर्बन या मुख्यतः मक्याच्या अमेरिकी व्हिस्कीचंही तसंच: ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते आणि कोरं लाकूड भराभर रंग, चव देतं, म्हणून चार-सहा वर्षांची बर्बन अगदी तयार असते. परवडणारी बाटली हवी असेल तर स्कॉचमध्ये १० ते १२ वर्षांच्या पलीकडे जाण्याची गरज मला वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न: बाटली कशासाठी हवी आहे? हे आधी ठरवलं नाही तर पैसे वाया जातात. सावकाश घोट घेत प्यायची बाटली वेगळी, लिंबू-सोड्यात घालायची वेगळी, दुसऱ्याच्या हातात द्यायची वेगळी.

सावकाश प्यायला माझी पहिली पसंती डीन्स्टन १२. स्कॉटलंडच्या हायलँड भागातली ही डिस्टिलरी १७८५ साली उभ्या राहिलेल्या सूतगिरणीच्या इमारतीत आहे. गिरणीची चाकं फिरवणारी टीथ नदी आज तिथे वीज देते. व्हिस्की ४६.३ टक्के, चिल फिल्टर न केलेली, बर्बनच्या पिंपांत मुरलेली. नाव फार गाजलेलं नाही, म्हणून किंमतही आपल्याच वर्गातल्या प्रसिद्ध बाटल्यांच्या आसपास किंवा खाली राहते. मी ती पोट फुगीर आणि तोंड निमुळतं अशा पेल्यात ओतते आणि दहा मिनिटं तशीच ठेवते. लगेच नाक घातलं तर नुसता अल्कोहोलचा झणका येतो. दहा मिनिटांनी मध येतो, मग सुकं गवत, आणि पेला तिरपा करून फिरवला की मेणबत्तीच्या मेणासारखा मऊ वास. काचेवर जे थेंब उतरतात ते जाड असतात आणि रेंगाळत उतरतात. पहिल्या घोटात धान्याचा गोडवा, मग संत्र्याच्या सालीचा कडवट स्पर्श, आणि गिळल्यावर जिभेच्या कडांवर आल्यासारखी ऊब. ही ऊब बराच वेळ राहते, आणि माझ्या मते याच ठिकाणी ती तिच्याहून महाग असलेल्या कितीतरी व्हिस्कींच्या पुढे जाते.

यात पाणी घालावं का? घालावं, पण थेंबाने. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणाचा अभ्यास केला. व्हिस्कीला धुरकट वास देणारा ग्वायकॉल नावाचा रेणू पाणी वाढलं की पृष्ठभागाकडे सरकतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे जो वास द्रवाच्या पोटात दडला होता, तो नाकाजवळ येतो. ४६ टक्क्यांची बाटली घेण्याचं हे आणखी एक कारण. तिला पाणी घालायला जागा असते. ४० वाली आधीच तळाशी असते. तिच्यात पाणी पडलं की ती पातळ वाटू लागते.

या माझ्या आवडत्या नियमाला एक अपवाद आहे आणि तो मी मोकळेपणाने सांगते. आयर्लंडची रेडब्रेस्ट १२ फक्त ४० टक्के आहे, तरी तोंडात भरून राहते. ती सिंगल पॉट स्टिल प्रकारातली: मोड आणलेली बार्ली आणि तशीच कच्ची बार्ली एकत्र करून, तांब्याच्या भांड्यात तीनदा डिस्टिल केलेली. कच्च्या बार्लीची ही पद्धत १८व्या शतकात माल्टवर कर बसल्यामुळे रुळली. कर चुकवायला वापरलेल्या त्या धान्यातून सायीसारखा मऊपणा आणि हलका तिखटपणा आला, आणि आज तोच तिचा दागिना आहे. आधी शेरी ही स्पॅनिश वाइन भरलेल्या पिंपांमुळे सुक्या मेव्याची चव येते ती वेगळीच. धुरकट चव आवडणाऱ्यांसाठी स्कॉटलंडच्या आयला बेटाची आर्डबेग १० घ्यावी, ४६ टक्के. धूर न आवडणाऱ्याला मात्र ती आग्रह करकरून पाजू नये.

कॉकटेलसाठी बाटली घेताना सगळी गणितं बदलतात. इथे ५० टक्केच हवेत, यावर मी ठाम आहे. कारण साधं आहे. व्हिस्की सावर करताना मी ६० मिली व्हिस्की, २५ मिली लिंबाचा रस आणि २० मिली साखरेचा पाक घेते, बर्फ भरून जोरात हलवते. बर्फ वितळून जे पाणी उतरतं ते धरून पेयाचं माप १४० मिलीच्या घरात जातं. व्हिस्की ४० टक्क्यांची असेल तर पेल्यात जेमतेम १७ टक्के उरतात, ५० ची असेल तर २१. हा चार टक्क्यांचा फरक जिभेला स्वच्छ कळतो. पहिल्यात लिंबू बोलतं, दुसऱ्यात लिंबाच्या मागून मका, व्हॅनिला आणि जळक्या लाकडाची चव येते.

अशा बाटल्या स्वस्तात मिळतात त्याचं श्रेय बऱ्याच अंशी अमेरिकेच्या १८९७ च्या ‘बॉटल्ड इन बाँड’ कायद्याला. त्या काळी व्यापारी व्हिस्कीत रंग आणि नाही नाही ते घालून विकत. कायद्याने अट घातली: एका डिस्टिलरीची, एकाच हंगामात काढलेली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीखालच्या गोदामात ठेवलेली आणि नेमक्या १०० प्रूफची. अमेरिकी प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट, तेव्हा बरोब्बर ५० टक्के. ही अक्षरं आजही लेबलावर असतात आणि माझ्यासाठी ती कुठल्याही पदकापेक्षा मोठी आहेत. पांढऱ्या लेबलची इव्हान विल्यम्स ही बर्बन याच गटातली. सावरसाठी आणि ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलसाठी तिच्याएवढी कमी पैशात काम करणारी बाटली मला माहीत नाही. नुसती प्यायली तर थोडी दांडगी आहे. साखर, दोन थेंब बिटर्स (मसाले आणि मुळ्यांचा कडू अर्क) आणि बर्फाचा एक मोठा खडा मिळाला की तोच दांडगेपणा कामी येतो.

मॅनहॅटन या कॉकटेलला राय व्हिस्की हवी. अमेरिकी रायमध्ये किमान ५१ टक्के राय हे गव्हासारखं धान्य असतं आणि त्याचा मिरीसारखा तिखटपणा गोड व्हर्मुथला (वनस्पतींचा स्वाद दिलेल्या वाइनला) तोलून धरतो. रिटेनहाउस राय, तीही बॉटल्ड इन बाँड. ६० मिली राय, ३० मिली गोड व्हर्मुथ, बिटर्सचे दोन शिंतोडे. बर्फावर चमच्याने ढवळायचं, हलवायचं नाही, कारण हलवलं की हवा शिरून पेय गढूळ होतं आणि त्याचा रेशमी पोत जातो. एकच बाटली घ्यायची असेल, जी नुसतीही पिता येईल आणि मिसळताही येईल, तर वाइल्ड टर्की १०१ ही बर्बन घ्या. ५०.५ टक्के, आणि बर्फावर अतिशय छान लागते.

सोड्याबरोबर मात्र मी पुन्हा स्कॉचकडे वळते. हायबॉलला, म्हणजे बर्फ-सोड्यातल्या व्हिस्कीला, जॉनी वॉकर ब्लॅक लेबल, १२ वर्षांची, तिच्यातला धुराचा बारीक धागा सोड्याने उलगडतो. मंकी शोल्डर अधिक गोड, ती नुसत्या माल्ट व्हिस्कींचं मिश्रण आहे. एक भाग व्हिस्कीला तीन भाग सोडा, सोडा कडक थंड, पेला काठोकाठ बर्फाने भरलेला, आणि चमचा एकदाच फिरवायचा. जास्त ढवळलं की बुडबुडे मरतात. वर सांगितलेली आर्डबेग इथेही उपयोगी पडते. न्यूयॉर्कमधल्या बारटेंडर सॅम रॉस यांनी २००५ मध्ये बनवलेल्या पेनिसिलिन या कॉकटेलमध्ये ब्लेंडेड स्कॉच (माल्ट आणि इतर धान्यांच्या व्हिस्कींचं मिश्रण), लिंबू, मध आणि आलं असतं आणि सगळ्यात शेवटी आयलाच्या धुरकट व्हिस्कीचा एक छोटा चमचा वर सोडतात. ओठ लावण्याआधी धूर येतो. धुराची एक बाटली वर्षभर अशी पुरवता येते.

चांगली सिंगल माल्ट कोलात घालणं हा गुन्हा नाही, ज्याचा पेला त्याची मर्जी. पण ज्या नाजूक वासांसाठी आपण जास्तीचे पैसे मोजले ते कोलाखाली गाडले जातात, एवढं लक्षात घ्यावं.

भेटीची बाटली निवडताना आपली आवड दाराबाहेर ठेवावी. सगळ्यात आधी, ती व्यक्ती पिते का हे नक्की माहीत असायला हवं. सोडली असेल किंवा सोडायचा प्रयत्न चालू असेल तर बाटली ही भेट होत नाही. मग ती सध्या काय पिते ते विचारावं आणि तिथून एक पाऊल बाजूला सरकावं. जेमसन आवडणाऱ्याला रेडब्रेस्ट १२ द्यावी. दोन्ही आयर्लंडच्या मिडलटन गावातल्या एकाच डिस्टिलरीतून येतात, त्यामुळे ओळखीची चव सापडते आणि तिच्या पुढचंही काही मिळतं. ब्लॅक लेबल पिणाऱ्याला स्कॉटलंडच्या स्काय बेटावरची टॅलिस्कर १०: ४५.८ टक्के, समुद्राचा खारटपणा आणि मिरी. थोडी महाग पडते, पण ज्याला देतो त्याला धुराची वाट आधीच माहीत असते. बर्बनवाल्याला मेकर्स मार्क. तिच्यात रायऐवजी गहू असल्यामुळे ती मऊ आहे, आणि बुचावरचं लाल मेण हाताने बुडवून लावलेलं असतं, प्रत्येक बाटलीवर त्याचे ओघळ वेगळे. ही मेणाची कल्पना आणि बाटलीचं रूप मेकर्स मार्कच्या सह-संस्थापक मार्जी सॅम्युअल्स यांचं. वेगळ्या आवरणाची गरजच पडत नाही. आवड अजिबात कळत नसेल तर ग्लेनफिडिक १२ द्यावी. तिची त्रिकोणी बाटली सगळे ओळखतात, चव सौम्य आहे आणि नव्याने सिंगल माल्ट पिणाराही तिला बिचकत नाही.

खोक्याला भुलू नका. पेल्यांची जोडी आणि मखमली अस्तर असलेल्या संचात व्हिस्की बहुधा तीच असते, जी साध्या बाटलीत मिळते. त्याच पैशात एक पायरी वरची बाटली घेतलेली बरी. बजेट कमी असेल तर दोन वेगवेगळ्या स्वभावाच्या छोट्या बाटल्या द्याव्यात, एक धुरकट, एक गोड. पिणाऱ्याला तुलना करायला मजा येते.

बाटलीसोबत मी एक चिठ्ठी जोडते. लोक चांगली बाटली ‘खास प्रसंगासाठी’ कपाटात ठेवून देतात, पण वाइनसारखी व्हिस्की बाटलीत मुरत नाही. १२ वर्षांची बाटली दहा वर्षांनी उघडली तरी ती १२ चीच. म्हणून चिठ्ठीत लिहिते की लवकर उघडा. उभी ठेवा, कारण आडवी ठेवली तर कडक अल्कोहोल बुचाला पोखरतं. उन्हापासून लांब ठेवा. आणि अर्ध्याच्या खाली गेली की फार महिने रेंगाळू देऊ नका, हवेने चव उतरते. ठेवायचीच असेल तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.