न घेतलेल्या कर्जाची नोटीस: फाडावी, फोन करावा, भरून टाकावे की लेखी उत्तर द्यावे?

पाकिटावर वकिलाचे नाव, आत ठळक अक्षरांत 'अंतिम सूचना', खाली कर्जखात्याचा लांबलचक क्रमांक आणि सात दिवसांत रक्कम भरा असा दम. कर्ज देणाऱ्या कंपनीचे नावसुद्धा तुम्ही कधी ऐकलेले नसते. घरात लगेच चार सल्ले मिळतात: फाडून टाक, फोन करून झाप त्यांना, थोडक्यात मिटवून टाक, वकील गाठ. स्वतः बसून एक पानी उत्तर लिही, असे सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते बहुतेकांसाठी तोच सर्वांत स्वस्त आणि भक्कम मार्ग आहे. पण तो सगळीकडे पुरत नाही, म्हणून पाचही शेजारी शेजारी ठेवून पाहू.

आधी हातातला कागद ओळखा

वसुली एजन्सीचे किंवा वकिलाचे मागणीपत्र कितीही डोळे वटारून लिहिलेले असो, ते फक्त पत्र असते. त्यातले 'सात दिवस' पाठवणाऱ्यानेच ठरवलेले असतात. ते उलटले म्हणून दारात जप्ती येत नाही, आणि नुसते कर्ज थकले म्हणून पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेल्या 'अटक वॉरंट'कडे तर शिक्का आणि तराजूचे चित्र असले तरी आधी संशयानेच बघावे.

राष्ट्रीय लोकअदालतीचे पत्र आले की लोक जास्त घाबरतात. दाखलपूर्व (अजून कोर्टात दावा न लागलेल्या) प्रकरणातले ते पत्र म्हणजे तडजोडीचे बोलावणे. दोन्ही बाजू राजी झाल्याशिवाय तिथे निवाडा होत नाही. धोका उलट्या बाजूने आहे. तडजोडीवर एकदा सही केली की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का होतो आणि त्यावर अपील नाही. जायचे तर 'हे कर्ज माझे नाही' असे लेखी देऊन या. दबावाखाली हप्ते पाडून घेऊ नका.

खरे घड्याळ चालू होते ते पुढच्या कागदांनी: कोर्टाचे समन्स (समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा वसुलीचा दावा असेल, तर हजर होण्यासाठी फक्त १० दिवस), चेक न वटल्याची कलम १३८ची नोटीस (१५ दिवस), लवादाची (कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्या मध्यस्थाची) नोटीस आणि पतसंस्थेच्या वसुलीसाठी सहकार खात्याच्या निबंधकाकडून येणारी, राज्याच्या सहकार कायद्याच्या कलम १०१ची नोटीस. समन्स खरे आहे का, हे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर केस क्रमांक टाकून दोन मिनिटांत कळते. या चारपैकी काही हातात असेल तर थेट वकिलाच्या परिच्छेदाकडे जा, कलम १०१ची नोटीस असेल तर शेवटच्या पतसंस्थेच्या भागाकडे.

गप्प बसणे आणि फोन करणे

गप्प बसणे एकाच ठिकाणी शहाणपणाचे आहे. पत्रात कर्जखात्याचा क्रमांक नाही, कंपनी रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीकृत यादीत सापडत नाही, आणि पैसे भरायला कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयचा क्यूआर कोड दिला आहे, असे असेल तर ती भामटेगिरी. उत्तर देऊन 'इथे माणूस राहतो' हे कशाला सांगायचे? पण कंपनी खरी असेल तर मौन महागात पडते. ते कर्ज सिबिलच्या (कोणी कर्ज कसे फेडले याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या) अहवालात दर महिन्याला थकीत म्हणून चढत राहते आणि ही गोष्ट तुम्हाला कळते ती नेमकी घराचे कर्ज मागायला गेल्यावर.

फोन सोपा वाटतो, पण त्यातून हातात काहीच उरत नाही. उलट समोरचा 'व्हेरिफिकेशन'च्या नावाखाली जन्मतारीख, पॅन, आधारचे शेवटचे आकडे विचारून घेतो, म्हणजे त्याच्याकडे नव्हते तेही आपणच पुरवतो. 'बरं, बघतो पुढच्या महिन्यात' हे फोन टाळण्यासाठी बोललेले वाक्यही त्यांच्या नोंदीत 'ग्राहक भरण्यास तयार' असे जाते. फोनवर भागते ते एकाच प्रकारात: तुमचा मोबाइल नंबर आधी दुसऱ्याचा असतो तेव्हा. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि जुन्या मालकाची थकबाकी नव्याच्या कानावर येऊन आदळते. तेव्हा 'मी तो नव्हे' एवढे सांगा आणि तेच ई-मेलवरही टाका. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू नयेत, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मोडला तर वेळ आणि नंबर टिपून ठेवा, पुढे तक्रारीत कामी येतो.

'थोडक्यात मिटवून टाकू'

पाचांत हा मार्ग मला सर्वांत वाईट वाटतो आणि नेमका हाच सर्वांत जास्त निवडला जातो. मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या वसुलीसाठी दावा लावायला साधारण ३ वर्षे असतात. ती संपण्याआधी तुम्ही लेखी कबुली दिली, किंवा थोडी रक्कम भरून तशी सहीची नोंद दिली, तर ३ वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. मुदत उलटून गेल्यावर सही करून 'देईन' असे लिहून दिले तरी करार कायद्याप्रमाणे ते नवे वचन ठरू शकते. म्हणजे वसुलीवाला 'फक्त ५०० रुपये टोकन भरा, फाइल होल्डवर ठेवतो' म्हणतो तेव्हा त्याला ५०० रुपये नको असतात, तुमची कबुली हवी असते.

शिवाय कमी रकमेत मिटवलेल्या खात्यावर अहवालात 'सेटल्ड' असा शेरा बसतो. बँकवाले त्याचा अर्थ 'पूर्ण फेडले नाही' असाच घेतात. आणि तुमच्या पॅनवर कोणी परस्पर कर्ज उचललेले असेल, तर एक भरल्याने दुसरे थांबत नाही.

स्वतः लिहिलेले उत्तर

एक पान पुरे. राग, कहाणी, घरची परिस्थिती यातले काही नको. सुरुवात साधारण अशी:

'आपले दि. … चे पत्र मिळाले. त्यात नमूद केलेले कर्ज मी घेतलेले नाही व मला ते मान्य नाही. हे पत्र कोणत्याही देण्याची कबुली समजू नये. आपला दावा असल्यास खालील कागदपत्रे पाठवावीत. तोपर्यंत सदर खाते विवादित म्हणून नोंदवावे व वसुलीचे संपर्क थांबवावेत.'

मग मागणी. कर्जाचा अर्ज आणि करार, केवायसीचा फोटो किंवा व्हिडिओ, ई-सही झाली असेल तर ती कोणत्या मोबाइल नंबरवरच्या ओटीपीने झाली त्याची नोंद, खातेउतारा, आणि एजन्सीला दिलेले अधिकारपत्र. पत्र मालमत्ता पुनर्रचना कंपनीचे (बँकांची थकीत कर्जे विकत घेणारी कंपनी) असेल तर मूळ बँकेने हे कर्ज त्यांना विकल्याचा कागदही मागा. बरेचदा 'अनोळखी' कर्ज हे आपल्याच विसरलेल्या कार्डाचे असते, फक्त विकत घेणाऱ्याचे नाव नवे असते. हा कागद आला की डोक्यात प्रकाश पडतो. आणि कार्ड तुम्ही मागितलेच नव्हते असे निघाले तर डाव उलटतो: न मागता दिलेल्या कार्डावर शुल्क लावले तर ते परत करून वर त्याच्या दुप्पट दंड द्यावा लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे.

सगळ्या मागण्यांत एक सर्वांत मोलाची, आणि लोक नेमकी तीच विसरतात: कर्जाची रक्कम कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला, कोणत्या यूटीआर क्रमांकाने (बँकेतल्या प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक) जमा झाली? ॲपवरच्या कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेले पाहिजेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बंधन घातले. ते खाते तुमचे नसेल तर अर्धी लढाई तिथेच संपते. मोबाइल किंवा फ्रिजच्या ईएमआयमध्ये पैसे दुकानदाराला जातात, तिथे बिल आणि डिलिव्हरीचा पत्ता मागायचा.

उत्तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलने आणि टपालाने पाठवा, एजन्सीला फक्त प्रत. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा खिडकीवर 'स्पीड पोस्ट, नोंदणीसह' असे सांगा आणि पोच मिळाल्याचा पुरावा जपून ठेवा. सोबत आधारची कोरी झेरॉक्स मात्र जोडू नका. फारच मागितली तर आकडे झाकलेले आधार द्या आणि त्यावर आडवे लिहा: 'फक्त या तक्रारीसाठी'.

वकिलाकडून

पहिल्याच मागणीपत्राला वकिलामार्फत उत्तर देण्यात तोटा नाही, पण काही हजार रुपये खर्चून मिळते तेच, जे तुम्ही स्पीड पोस्टाच्या पैशांत मिळवू शकता. लेटरहेडला लेटरहेड भिडले की कंपनी जरा सावरून बोलते, एवढा फायदा आहे. कोर्ट, लवाद किंवा १३८ असेल तर मात्र वाचवण्यासारखी ही जागा नव्हे. समरी सूटमध्ये १० दिवसांत हजेरी लागली नाही तर समोरच्याचे म्हणणे मान्य धरून हुकूमनामा होऊ शकतो, मग 'कर्ज माझे नव्हतेच' हे सांगायला आधी तो निकाल रद्द करून घ्यावा लागतो. लवादाच्या नोटिशीत लवाद कंपनीने एकतर्फी नेमलेला असेल तर त्यावर हरकत घेता येते, आणि ती वकिलानेच नीट मांडलेली बरी.

पत्रासोबत आणखी कोणता दरवाजा?

क्रेडिट अहवालावरची हरकत पहिल्याच दिवशी टाका. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांकडून वर्षाला प्रत्येकी एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, कारण एकीकडे दिसणारे खाते दुसरीकडे नसते असे होते. अहवालात खात्यांच्या यादीआधी 'इन्क्वायरी'चा भाग वाचा. तुमची माहिती कोणी, कधी, कसल्या कर्जासाठी मागवली हे तिथे दिसते आणि अजून नोटीस न आलेली कर्जेही तिथेच आधी डोकावतात. हरकतीचा निपटारा ३० दिवसांत झाला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. रक्कम चहापाण्याची, पण कंपन्या तिच्यामुळे हलतात.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे लगेच धावून उपयोग नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तरच तिथे दाद लागते. तिथे फी नाही आणि वकिलामार्फत केलेली तक्रार चालत नाही. तेच प्रकरण कोर्टात असेल तर लोकपाल हात लावत नाही.

पोलिसांत जायचे ते पॅन किंवा आधारचा गैरवापर दिसला तर. सायबर गुन्ह्यासाठी १९३० किंवा राष्ट्रीय सायबर पोर्टल, आणि ओळखीच्या चोरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६सी (66C) आहे. आरोपी सापडेलच असे नाही, पण तक्रारीचा क्रमांक पत्रात आला की कंपनीच्या फ्रॉड विभागाकडे फाइल सरकते. जाण्यापूर्वी आधारच्या संकेतस्थळावरचा वापराचा इतिहास उतरवून घ्या. तो मागच्या ६ महिन्यांचाच दिसतो, उशीर केला तर पुरावा निघून जातो. तुमच्या नावावर किती सिमकार्डे आहेत, तेही दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर बघा.

पतसंस्थेची नोटीस असेल तर

आपल्याकडे 'मी कर्ज घेतलेच नाही' म्हणणाऱ्यांत एक मोठा वर्ग असतो जामीनदारांचा. मेहुण्याच्या किंवा सहकाऱ्याच्या कर्जाला पाच-सात वर्षांपूर्वी केलेली सही आपण विसरतो, पतसंस्था विसरत नाही. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे 'आधी त्याच्याकडून घ्या' हे उत्तर टिकत नाही. इथे रिझर्व्ह बँकेचा लोकपालही नाही, सगळे सहकार खात्याकडे. कलम १०१ची नोटीस आली की सहाय्यक किंवा उपनिबंधकापुढच्या तारखेला हजर राहा आणि जामीनपत्राची मूळ प्रत दाखवायला सांगा. सही तुमची नसेल तर तिथेच लेखी हरकत घ्या. गैरहजर राहिलात आणि वसुली दाखला निघाला, तर विशेष वसुली अधिकारी पगार, गाडी, घर यांवर टाच आणू शकतो, आणि दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणी मागायची तर आधी येणे रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात.