टॅलीच्या नावाखाली आमचे ८४,५०० रुपये गेले

आमचे धंदे तीन. हापूसचं पॅकिंग आणि विक्री, पल्प-कोकमाचा छोटा कारखाना, आणि घराला लागून चार खोल्यांचं होमस्टे. ताज्या आंब्याला जीएसटी नाही, पल्पला आहे, खोल्यांना आहे. सगळं एकात घातलं की इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) काढताना सीए डोकं धरून बसतो. म्हणून टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिघांचे हिशेब वेगळे हवे होते. यात माझं काय चुकलं?

जानेवारीत, कलमं मोहोरली होती तेव्हा, टॅली विकणारा एक जण आला. पडवीत बसून दोन घावणे खाल्ले. "वहिनी, तीन डिव्हिजन म्हणजे तीन लायसन्स लागणार. तिघांचा एकत्र ताळेबंद काढायचा तर जोडणी मॉड्यूल वेगळं." लायसन्स १९,५०० प्रमाणे ५८,५००, मॉड्यूल १२,०००, वर्षाची देखभाल ६,०००. एकूण ७६,५००, त्याच्या खाजगी यूपीआयवर. पक्कं बिल घेतलं तर वर १८ टक्के पडतील म्हणाला. मी बिल सोडलं. दर महिन्याला स्वतः जीएसटी भरणारी मी!

टॅलीच्या एकाच लायसन्सवर हव्या तेवढ्या कंपन्या, म्हणजे वेगवेगळी खाती-वह्या, उघडता येतात. एकत्र ताळेबंदाला ग्रुप कंपनीची सोय आतच आहे. नुसता विभागवार नफा-तोटा बघायचा तर त्यातलंच कॉस्ट सेंटर पुरतं. हे मला मे महिन्यात कळलं.

पण मला कळायला हवं होतं ते त्याच दिवशी. लायसन्स चालू करताना ई-मेल मागतात, अनलॉक की त्यावरच येते. मी माझा पत्ता सांगायला लागले तर म्हणाला, "तुमच्याकडे रेंज नाही वहिनी, माझाच टाकतो." आणि टाकला. मी शेजारी चहाचा कप धरून उभी. बी.कॉम. झालेली बाई मी, पण रेंज खरंच नव्हती हो! आमच्याकडे कधी असते? लायसन्स कुणाच्या मेलवर आहे ते आजच्या आज बघा.

१६ एप्रिलला, पेट्या भरायच्या ऐन धांदलीत, टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्स नसलं की उघडतं त्या शिकाऊ रूपात, उघडलं. महिन्याच्या मोजक्या तारखा सोडल्या तर एंट्रीच घेईना. त्याला फोन केला. दुरुस्त करतो म्हणून रिमोटने आत शिरला आणि तिन्ही कंपन्यांना व्हॉल्टचा, म्हणजे सगळा हिशेब कुलूपबंद करणारा, पासवर्ड घालून बाहेर पडला. तो पासवर्ड टॅली बनवणाऱ्यांनाही काढता येत नाही. मागितले १५,०००, मी ८,००० दिले. पासवर्ड आला नाही, माझा नंबर मात्र ब्लॉक झाला. मार्चचा थ्री-बी, म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, २० तारखेचा, भरला २९ ला. लेट फी ४५० वेगळी.

पोलीस ठाण्यात चार वेळा गेले. पहिल्यांदा, "साहेब बंदोबस्ताला." दुसऱ्यांदा, "ही दिवाणी बाब आहे." दिवाणी कशी? न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे ना? तिसऱ्यांदा, "सायबरचं जिल्ह्याला जा." जिल्ह्याला गेले तर, "आधी तालुक्याला अर्ज द्या." चौथ्यांदा पोचपावतीवर शिक्का मागितला तर हवालदार म्हणाला, "सॉफ्टवेअर म्हणजे नक्की काय चोरीला गेलं?" सीझनचे चार दिवस गेले माझे! बँकेने हात वर केले, पिन तुम्हीच टाकलात म्हणे. पैसे गेले त्याच तासात १९३०, हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, लावा. मी लावला सहाव्या दिवशी.

बॅकअप रोज पेनड्राइव्हवर घ्या आणि तो कपाटात ठेवा. आमचा त्याच कॉम्प्युटरवर होता, तोही त्याच पासवर्डाखाली. आता दीर आणि मी रात्री बिलबुकं घेऊन बसतो, जानेवारीपासूनचं एकेक बिल पुन्हा चढवतोय. फेब्रुवारीची बिलं संपत आलीत.

दिराच्या फोनवर त्या टॅलीवाल्याचं व्हॉट्सॲप स्टेटस अजून दिसतं. गेल्या आठवड्यात तो दापोलीच्या बाजूला होता.