दशावताराची डीव्हीडी आणि एफएफएमपेग: वापरून सांगते

कुडाळात आमचा छोटा स्टुडिओ आहे. शूटिंग नवरा करतो, एडिटिंग आणि डिस्कचं काम माझ्याकडे. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की दहीकाल्याचं, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी नाटकाचं, शूटिंग येतं, आणि त्याची डीव्हीडी मागणारे अजून आहेत. "माका पेनड्राईव्ह नको गो, शीडीच दी," असं वयस्कर माणसं सरळ सांगतात. टीव्हीखाली प्लेअर आहे, रिमोटची बटणं त्यांना पाठ आहेत. त्यांना चांगली डिस्क मिळालीच पाहिजे. फाईल कन्व्हर्ट करायला बरीच सॉफ्टवेअर वापरून पाहिल्यावर मी एफएफएमपेग (FFmpeg) या सॉफ्टवेअरवर थांबले आहे.

फॅब्रिस बेलार्डने २००० साली सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. कमांड टाइप करायची. याच गोष्टीला लोक बिचकतात, पण डीव्हीडीसाठी त्यात 'टार्गेट पाल-डीव्हीडी' (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्ही पद्धत) असा एक तयार पर्याय आहे. तेवढं लिहिलं की ७२० बाय ५७६ चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, डीव्हीडीचा एमपेग-२ व्हिडिओ, सेकंदाला सरासरी ६ आणि जास्तीत जास्त ९ मेगाबिट डेटा, आवाज एसी-३ या प्रकारात ४८ किलोहर्ट्झवर, हे सगळं आपोआप बसतं. डीव्हीडीत व्हिडिओची मर्यादा ९.८ मेगाबिट आहे. ती ओलांडली की जुने प्लेअर अडखळतात. इथे तो धोका नाही.

खरी परीक्षा हालचालीची. आमचा कॅमेरा १०८०, ५० इंटरलेस्ड रेकॉर्ड करतो. म्हणजे फ्रेम २५, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं), हालचालीचे ५० क्षण. संकासुर नाचत येतो किंवा राक्षस आणि देव तलवारी घेऊन गरागरा फिरतात, तेव्हा हे ५० क्षण टिकले तरच पखवाजाच्या थापेवर पाय पडताना दिसतो. एका विकतच्या कन्व्हर्टरने दोन्ही फील्ड एकत्र दाबून चित्र लहान केलं, आणि तलवारीच्या कडेला कंगव्यासारखे दात आले. एफएफएमपेगमध्ये स्केल फिल्टरला इंटरलेस्ड सांगायचं, एन्कोडरला (व्हिडिओ दाबून फाईल बनवणाऱ्या भागाला) इंटरलेसचे दोन फ्लॅग, म्हणजे खुणेचे शब्द, द्यायचे, की दोन्ही फील्ड वेगवेगळी लहान होतात. कॅमेरा ५० प्रोग्रेसिव्ह (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) असेल तर आधी आकार लहान करून मग टिंटरलेस फिल्टरने त्याची फील्ड विणता येतात. जुन्या मिनी-डीव्ही टेपमध्ये खालचं फील्ड आधी असतं, एचडीत वरचं. हा क्रम उलटा पडला तर माणूस पुढे-मागे थरथरतो, म्हणून टेपवरची नाटकं कन्व्हर्ट करताना तो मी दरवेळी तपासते.

रंगाकडेही लक्ष द्यावं लागतं. एचडीचं रंगगणित (रंग आकड्यांत मांडायचा नियम) ७०९ चं, साध्या डीव्हीडीचं ६०१ चं. ते बदललं नाही तर तोंडावरच्या रंगातला लाल आणि शेल्यातला हिरवा सरकतो. ज्या कलाकाराने दोन तास बसून स्वतःचं तोंड रंगवलं, त्याचा रंग आपण बिघडवू नये. स्केल फिल्टरमध्येच आतलं आणि बाहेरचं मॅट्रिक्स, म्हणजे हेच रंगगणित, लिहिता येतं.

तीन तासांचं नाटक ४.७ जीबीच्या एका डिस्कवर बसवायचं तर आवाज १९२ किलोबिट करून चित्राला साधारण ३.२ मेगाबिट उरतात. दोन पास केले (एकदा व्हिडिओ तपासून, मग फाईल बनवून) तरी ट्यूबलाइटच्या मंडपातल्या काळोखात चौकोन दिसायला लागतात. मी सरळ दोन डिस्क देते: एकीवर आडदशावतार (आख्यानाआधीचा भाग) आणि आख्यानाची सुरुवात, दुसरीवर पुढचं आख्यान. गिऱ्हाईक आजवर तक्रार करत आलेलं नाही.

केबल चॅनेलला वेगळं लागतं. एक्सडीकॅम एचडी ४२२ (चॅनेलवाल्यांचा व्हिडिओ प्रकार), ५० मेगाबिट, एमएक्सएफ फाईल मागितली तर तीही यातूनच निघते. तिथे आवाजाची पातळी महत्त्वाची. झांज आणि पायपेटी जोरात, संवाद हळू. लाउडनॉर्म फिल्टरने ठरलेली पातळी गाठता येते (युरोपच्या आर १२८ या प्रसारण-नियमात ती उणे २३ एलयूएफएस आहे; एलयूएफएस हे जाणवणाऱ्या आवाजाचं माप). पण एकाच पासमध्ये केलं तर आवाज वर-खाली हलतो. आधी मोजून घ्यावं, मग दुसऱ्या पासला ते आकडे द्यावेत, आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे नमुने) ४८ हजार असा स्पष्ट लिहावा, कारण हा फिल्टर तो मधेच वाढवतो.

मोबाईलच्या क्लिपमध्ये फ्रेमचा वेग सतत बदलतो. २५ ला बांधल्यावर आवाज जुळतो, पण चाल थोडी अडखळतेच, कुठल्याही सॉफ्टवेअरने. फोनमध्ये २५ किंवा ५० ची सोय असेल तर शूट करतानाच ती लावावी.

उणिवाही आहेत. मधेच लाईट गेली तर काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, म्हणून मोठं नाटक मी तुकड्यांत करते. काही चुकलं की इंग्रजीत लांबलचक मजकूर येतो आणि खरं कारण एका ओळीत दडलेलं असतं. डिस्कचा मेनू यात होत नाही. त्यासाठी मी डीव्हीडीस्टायलर घेते, तोही फुकट. तिथे व्हिडिओचा पर्याय 'कॉपी' ठेवायचा, नाहीतर तो नीट तयार झालेली फाईल पुन्हा एन्कोड करतो. ज्यांना फक्त फोनवर बघायला एमपी४ हवंय त्यांना हँडब्रेक सोपा पडेल, पण त्यातून डीव्हीडीची फाईल निघत नाही.

जमलेल्या कमांड एका बॅच फाईलमध्ये (कमांड आपोआप चालवणारी फाईल) लिहून ठेवा. आमच्याकडे एचडी कॅमेरा, जुनी टेप आणि चॅनेल यांच्या तीन वेगळ्या फाईल आहेत. व्हिडिओ त्यावर ओढून टाकला की काम सुरू होतं, आणि टाइप करायची भीती तिथेच संपते.